लग्नाची कॅसेट ते डीव्हीडी

१८९९ साली हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी मुंबईत एक कुस्ती चित्रित केली. भारतीयाने केलेल्या पहिल्या चित्रीकरणांत ती गणली जाते. पण घरोघरची लग्ने-बारशी टिपली जाऊ लागली ती १९७६ साली जपानमध्ये निघालेली व्हीएचएस कॅसेट आपल्या बिडकीनसारख्या गावांपर्यंत पोहोचल्यावरच. पुढे १९९५ ला डिजिटल मिनीडीव्ही टेप आली, १९९६ ला डीव्हीडी.

मिनीडीव्हीवरचे तासाभराचे चित्रण सुमारे १३ जीबी आणि साध्या डीव्हीडीत जागा ४.७ जीबी. शिवाय नुसती फाईल कॉपी केली तर घरचा प्लेअर ती दाखवीलच असे नाही. म्हणून चित्रण एमपीईजी-२ पद्धतीत लहान करून, मग डिस्क बनवावी लागे. पण सोय मोठी! आजीला कॉम्प्युटर नको. रिमोटचे बटण दाबले की नातवाचे बारसे टीव्हीवर हजर.

आता प्लेअरच दिसेनासे झालेत, डिस्कही कालांतराने खराब होतात. तेव्हा मंडळी, कपाटातल्या कॅसेट-डिस्क बाहेर काढा, दोन ठिकाणी कॉपी करून ठेवा, मूळ टेप टाकू नका. आणि ज्येष्ठांना शेजारी बसवून त्यात कोण कोण दिसते ते लिहून घ्या. ती नावे सांगणारी माणसे आज आपल्यात आहेत.