पूर्वजांचा प्रश्न आणि तारणाची घोषणा : अमेरिकन मराठी मिशनच्या इतिहासातील एक वाद

ख्रिस्ती मनुष्याने इतरांस तारणाचा उपदेश करणे आवश्यक आहे काय, हा प्रश्न सामान्यतः धर्मशास्त्राचा मानला जातो. परंतु त्याला इतिहासही आहे, आणि त्या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण मुंबई व अहमदनगर येथील मिशनकार्याशी निगडित आहे. ‘आवश्यक’ या शब्दाचा अर्थ शंभर वर्षांत कसा पालटत गेला, हे त्या प्रकरणावरून स्पष्ट होते.

उपदेशाची आवश्यकता सर्व प्रोटेस्टंटांना पूर्वीपासून मान्य होती, असे नाही. सर्व राष्ट्रांस शिष्य करण्याची मत्तयाच्या शुभवर्तमानातील आज्ञा केवळ प्रेषितांपुरती होती, असे मानणारा मोठा वर्ग अठराव्या शतकात होता. विल्यम कॅरी यांनी १७९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत या मताचे खंडन केले. ती आज्ञा आजही बंधनकारक आहे, हे प्रतिपादन करीत असताना त्यांनी जगातील देशांची, त्यांच्या लोकसंख्येची व तेथील धर्मांची कोष्टके जोडली. आज्ञापालनाच्या युक्तिवादाला गणिताची जोड मिळाली ती येथे.

हेच गणित मुंबईत अधिक धारदार झाले. १८१० मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस पोचले आणि पुढे सॅम्युएल न्यूएल त्यांना येऊन मिळाले. हॉल व न्यूएल यांनी मुंबईत लिहिलेली आणि १८१८ मध्ये अमेरिकेतील अँडोव्हर येथे छापली गेलेली पुस्तिका जगाच्या धर्मांतराविषयी होती. साठ कोटी मानवांचा ख्रिस्ती मंडळ्यांवर हक्क आहे, हे तिचे सूत्र. दर वीस हजार लोकांमागे एक, या हिशेबाने तीस हजार उपदेशक हवेत, अशी तिची मागणी होती. या हिशेबामागे एक गृहीत होते : ज्याच्या कानी सुवार्ता पडली नाही, तो नष्ट होतो. म्हणून विलंबाचा प्रत्येक दिवस जीवघेणा. लेखकांची निष्ठा संशयातीत होती. न्यूएल १८२१ मध्ये मुंबईत पटकीने वारले. हॉल १८२६ मध्ये नाशिक भागातील दौऱ्यावरून परतताना त्याच रोगाला बळी पडले.

तथापि या गृहीताची दुसरी बाजू श्रोत्यांच्या दृष्टीने भयंकर होती. सुवार्ता न ऐकलेले सर्व नष्ट होत असतील, तर ती या देशात येण्यापूर्वी मेलेल्यांचे काय? ज्या समाजात श्राद्धपक्ष, तर्पण व पिंडदान यांच्या द्वारे जिवंतांचे मृतांशी नाते दरवर्षी नव्याने जोडले जाते, त्या समाजात हा केवळ तात्त्विक प्रश्न नव्हता. स्वतःचे तारण स्वीकारावयाचे म्हणजे आईबाप, आजे, पणजे यांच्या नाशाला संमती द्यावयाची, असा त्याचा अर्थ होत होता. उपदेशकाला जी निकड वाटे, तीच श्रोत्याला निष्ठुरता वाटावी, हे स्वाभाविक होते.

हा प्रश्न अमेरिकेपर्यंत नेण्यात रॉबर्ट ॲलन ह्यूम यांचा वाटा होता. १८४७ मध्ये मुंबईत मिशनरी कुटुंबात जन्मलेले ह्यूम १८७४ मध्ये मिशनरी म्हणून परतले. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे त्यांनी ख्रिस्ती उपदेशकांच्या शिक्षणासाठी विद्यालय उभे केले. १८८६ मध्ये ते रजेवर अमेरिकेत असताना अँडोव्हरच्या धर्मशास्त्र विद्यालयातील प्राध्यापकांनी मांडलेले एक मत तेथे गाजत होते. ज्याला या जन्मी ख्रिस्ताची ओळख झाली नाही, त्याला मरणोत्तर ती संधी मिळेल, अशी आशा बाळगणे शास्त्रविरुद्ध नाही, असे ते मत. ह्यूम यांनी अँडोव्हर येथील एका भाषणात या आशेला जाहीर सहानुभूती दर्शविली. सिद्धांत म्हणून ती शिकवावी, असा त्यांचा आग्रह नव्हता. मिशनरीला ती बाळगण्याची मोकळीक असावी, एवढाच प्रश्न होता.

बोर्डाच्या चालकांना हे मानवले नाही. १८८६ च्या ऑक्टोबरात डे मॉइन येथे भरलेल्या वार्षिक सभेत या वादाला उघड तोंड फुटले आणि ह्यूम यांना परत पाठविण्याचा निर्णय काही काळ अडून राहिला. विरोधकांचा आक्षेप क्षुल्लक नव्हता. मृत्यूनंतरही संधी असेल, तर घरदार सोडून, पटकीच्या प्रदेशात जाऊन प्राण वेचण्याचे कारण काय उरते? या आशेने मिशनकार्याची नसच तुटेल, असे त्यांना वाटे. हॉल व न्यूएल यांचे स्मरण ज्या संस्थेला होते, तिच्या दृष्टीने हा प्रश्न हुतात्म्यांच्या बलिदानाच्या अर्थाचाही होता. अखेर १८८७ मध्ये ह्यूम यांना परत जाण्याची अनुमती मिळाली. परंतु जपानला जाऊ इच्छिणारे विल्यम नॉयस यांना बोर्डाने याच कारणास्तव नाकारले, आणि त्यांची नेमणूक होण्यास १८९३ साल उजाडावे लागले.

विरोधकांचे भाकीत ह्यूम यांच्यापुरते तरी खरे ठरले नाही. ते १९२६ पर्यंत, म्हणजे एकूण बावन्न वर्षे, या कार्यात राहिले. दुष्काळातील सेवेबद्दल सरकारने १९०१ मध्ये त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. अर्थात एका व्यक्तीच्या चरित्रावरून सिद्धांत सिद्ध होत नाही. पण नाशाची भीती गेली म्हणजे उपदेशाची प्रेरणाही जातेच, हे विधान सार्वत्रिक नाही, इतके त्यावरून निश्चित होते. उपदेशाचा आधार मात्र बदलला. बुडणाऱ्याला वाचविणे ही प्रतिमा मागे पडून, जे मिळाले ते वाटणे ही प्रतिमा पुढे आली. १९०५ मधील आपल्या ग्रंथात ह्यूम यांनी मिशनकार्याची आधुनिक दृष्टीने जी मांडणी केली, तिचे मूळ या वादात शोधता येते.

श्रोत्याच्या बाजूने या प्रश्नाचे उत्तर दिले ते रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यानंतर टिळक अहमदनगरास आले व मिशनच्या कार्यात दीर्घकाळ राहिले. संतपरंपरेशी असलेले नाते तोडून ख्रिस्ताकडे जावे लागते, हे त्यांनी मान्य केले नाही. तुकोबांच्या मार्गानेच आपण ख्रिस्तापाशी पोचलो, ही त्यांची भूमिका प्रसिद्ध आहे. या भूमिकेत पूर्वजांचा प्रश्न निराळ्याच रीतीने सुटतो : पूर्वज वाटेच्या बाहेरचे राहत नाहीत, ते वाटेवरचेच ठरतात. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची वेतनी सेवा सोडली व ‘देवाचा दरबार’ स्थापण्याचा संकल्प केला. बाप्तिस्मा झालेले व न झालेले, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात स्थान होते. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाल्याने तो प्रयोग फार पुढे गेला नाही. मात्र टिळकांनी उपदेश थांबविला नाही, हे विसरता कामा नये. त्यांनी नाकारले ते उपदेशाच्या फळाचे मोजमाप, म्हणजे हॉल–न्यूएल यांचे गणित.

पुढील काळात हा वाद जगभर गेला. १९१० च्या एडिंबरो परिषदेने अन्य धर्मांविषयीच्या दृष्टिकोनावर मिशनऱ्यांची मते मागवून स्वतंत्र अहवाल सिद्ध केला. उलट १९३८ मध्ये मद्रासजवळील तांबरम येथील परिषदेसाठी लिहिलेल्या ग्रंथात हेंड्रिक क्रेमर यांनी ख्रिस्ती संदेशाचे वेगळेपण पुन्हा ठामपणे मांडले. रोमन कॅथलिक पंथात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये असे मान्य केले की, स्वतःच्या दोषावाचून सुवार्तेला अपरिचित राहिलेला, पण प्रामाणिकपणे देवाचा शोध घेणारा मनुष्यही तारण पावू शकतो. आणि त्याच परिषदेने १९६५ मध्ये सुवार्ताप्रसार हे मंडळीचे स्वाभाविक कर्तव्य असल्याचेही घोषित केले. अँडोव्हरच्या वादातील दोन पक्षांना परस्परविरोधी वाटलेली विधाने येथे एकत्र नांदताना दिसतात.

यावरून असे म्हणता येईल की, ‘आवश्यकता’ या एका शब्दात दोन निराळे प्रश्न मिसळलेले होते. उपदेशावाचून श्रोत्याचे तारण होते की नाही, हा एक; आणि उपदेश केल्यावाचून उपदेशकाची स्वतःची श्रद्धा पूर्ण होते की नाही, हा दुसरा. १८१८ मध्ये दुसऱ्याचे उत्तर पहिल्यावर अवलंबून होते. ते दोन वेगळे करण्यास भाग पाडणाऱ्या कारणांत अमेरिकेतील विद्वत्तेइतकाच, आपल्या मृतांना टाकून एकट्याने तरून जाण्यास तयार नसलेल्या श्रोत्यांचाही भाग आहे. मिशनच्या इतिहासात श्रोत्यांची गणना बहुधा धर्मांतरितांच्या संख्येत होते. या वादात मात्र श्रोत्यांच्या प्रश्नाने उपदेशकांच्या धर्मशास्त्रालाच वळण दिले, आणि त्या दृष्टीने मराठी मिशनच्या साधनांचा अभ्यास अजून व्हावयास हवा.