स्पोर्ट्स कारचं ऑइल कुणाकडे बदलायचं? एका साध्या प्रश्नाचा शंभर वर्षांचा इतिहास

१९७२ सालच्या मॉडेलची पोर्शे ९११ कधी फोटोत दिसली, तर तिच्या उजव्या बाजूला, दरवाजाच्या मागे एक छोटं झाकण शोधा. शौकीन मंडळी त्या झाकणावरून गाडीचं वर्ष ओळखतात, कारण ते फक्त त्या एकाच वर्षी होतं. झाकणाखाली होतं इंजिन ऑइल ओतायचं तोंड. गाडीचं वजन नीट विभागलं जावं म्हणून पोर्शेने ऑइलची टाकी मागच्या चाकाच्या मागून पुढे आणली आणि तिचं तोंड बाहेरून उघडेल असं ठेवलं. आता गंमत बघा. पेट्रोल पंपावरच्या माणसांना ते झाकण पेट्रोलचं वाटायला लागलं, आणि ऑइलच्या टाकीत पेट्रोल जायला लागलं! पुढच्या वर्षी झाकण गेलं, टाकी जुन्या जागी परतली. त्याचं नेहमी दिलं जाणारं कारण हेच.

पंपावरच्या माणसाला हसण्यात अर्थ नाही. रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांचं पेट्रोलचं झाकण मागच्या बाजूलाच असायचं. ९११ चं मात्र पुढच्या मडगार्डवर, कारण तिचं इंजिन मागे आणि पेट्रोलची टाकी पुढे. म्हणजे त्या माणसाचं ज्ञान शंभरातल्या नव्व्याण्णव गाड्यांसाठी बरोबर होतं, फक्त समोर शंभरावी गाडी उभी होती. स्पोर्ट्स कारचं ऑइल कुठे बदलायचं या प्रश्नातली खरी अडचण हीच आहे. माझं संशोधन मोटार दुरुस्तीच्या धंद्याच्या इतिहासावर आहे, आणि त्यातला निम्मा भाग एकाच प्रश्नाभोवती फिरतो: जे काम आपल्याला दिसत नाही, ते कुणाच्या हाती सोपवायचं?

आधी ऑइल बदलतच नव्हते

अगदी सुरुवातीच्या मोटारींमध्ये ऑइल बदलायचा प्रश्नच नव्हता. ते थेंबथेंब इंजिनात जायचं, थोडं जळायचं, थोडं रस्त्यावर गळायचं. संपलं की नवीन ओता, एवढंच काम. इंजिनाखालच्या चेंबरमध्ये साठवलेलं तेच ऑइल पंपाने पुन्हा पुन्हा फिरवायची पद्धत रुळली, तेव्हा ते 'खराब' व्हायला लागलं. काजळी, धातूचा कीस आणि थंड इंजिनातून खाली उतरलेलं न जळलेलं पेट्रोल, सगळं त्यात मिसळायचं. त्यामुळे १९२० च्या दशकात काही शे मैलांवर ऑइल बदलायला सांगितलं जाई. १९२३ च्या सुमारास 'प्युरोलेटर' हा फिल्टर आला, १९२४ मध्ये तो क्रायस्लरच्या गाडीत बसला, आणि पुढे हे अंतर वाढत गेलं.

यातला आपल्या कामाचा मुद्दा असा, की ऑइल बदलणं हे कायम करावं लागणारं आणि मालकाला न दिसणारं काम बनलं. नवीन ऑइल खरंच घातलं का? कुठल्या ग्रेडचं घातलं? फिल्टर बदलला की नुसता पुसला? गाडी घेऊन निघताना यातलं काहीच कळत नाही. चुकीच्या ऑइलने इंजिन आज बिघडत नाही, दोन-तीन वर्षांनी बिघडतं, आणि तोवर कुणाला जबाबदार धरणार?

अर्थशास्त्रात अशा सेवेला स्वतंत्र नाव आहे. १९७३ मध्ये मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांनी ती कल्पना मांडली. मी तिला मराठीत 'भरवशाचा माल' म्हणतो. आंबा विकत घ्यायच्या आधी हुंगता येतो. हॉटेलातलं जेवण खाल्ल्यावर कळतं. भरवशाचा माल मात्र घेतल्यावरही कळत नाही.

भरवसा कुणावर?

अमेरिकेत या प्रश्नाची उत्तरं दर पिढीला बदलत गेली. १९०० च्या दशकात गाडी श्रीमंतांकडे आणि गाडीचं ज्ञान पगारी ड्रायव्हरकडे. गॅरेज कुठलं, हे ड्रायव्हर ठरवायचा आणि गॅरेजवाल्याकडून टक्केवारी घ्यायचा. मालकांनी यावर एवढी ओरड केली, की केविन बोर्ग या इतिहासकाराने मेकॅनिकांच्या इतिहासावरच्या आपल्या पुस्तकात या भांडणाची सविस्तर चर्चा केली आहे. मालक वरच्या वर्गातला, पण गाडीच्या बाबतीत नोकरावर अवलंबून. खरी बोच तिथे होती.

गाड्या सामान्य माणसाकडे आल्या तशी फोर्डसारख्या कंपन्यांनी डीलरांकडे प्रत्येक कामाचा ठरावीक दर लावायचा प्रयत्न केला. तरी संशय गेला नाही. १९४१ मध्ये 'रीडर्स डायजेस्ट'ने एक सापळा लावला. दोन तपासनीस चांगल्या गाडीतली एक तार मुद्दाम काढून ४८ राज्यांतल्या ३४७ गॅरेजांत गेले. साधारण ६३ टक्के ठिकाणी त्यांना नको ती कामं सांगितली गेली किंवा जास्त पैसे लावले गेले. हा आकडा वाचताना एक गोष्ट विसरू नका: फसवणूक आणि अज्ञान यात सापळ्याला नीट फरक करता येत नाही. तार निसटल्याचं ज्याला कळलंच नाही, त्याने भाबडेपणाने भलताच भाग बदलला असेल. गिऱ्हाइकाच्या खिशाला दोन्ही सारखंच, पण उपाय वेगवेगळे. लबाडीला कायदा लागतो, अज्ञानाला शिक्षण.

नंतरच्या काळात हे काम बरंचसं कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपावर व्हायचं. पेट्रोल भरता भरता ऑइलची पट्टी बघणारा ओळखीचा माणूस, हा तिथला भरवसा. १९७० च्या दशकात तेलसंकट आलं, पंपांवर आपलं आपण पेट्रोल भरायची पद्धत पसरली आणि तो माणूस हळूहळू नाहीसा झाला. त्याची जागा घेतली 'जिफी ल्यूब'सारख्या साखळ्यांनी, जिची सुरुवात १९७१ मध्ये यूटा राज्यातल्या ऑग्डेन गावात झाली. गाडी एका दाराने आत, खाली खड्ड्यात उभा असलेला कामगार ऑइल काढतो, वरचा नवीन ओततो, दहा-पंधरा मिनिटांत दुसऱ्या दाराने बाहेर. ओळखीच्या माणसाऐवजी ठरलेली पद्धत.

शंभराव्या गाडीचं काय?

ठरलेली पद्धत साध्या गाडीला पुरते. जुन्या, हवेने थंड होणाऱ्या ९११ चं ऑइल मात्र इंजिनाखाली साठत नाही, वेगळ्या टाकीत असतं. वळणावर जोरात गाडी घातली तरी ऑइल एका बाजूला जाऊन पंप कोरडा पडू नये, म्हणून ही व्यवस्था. आता पद्धतीने चालणारा कामगार काय करेल? इंजिनाखालचा नट सोडून ऑइल काढेल, पण टाकीचा वेगळा नट असतो हे त्याला माहीत नसेल, आणि बरंचसं जुनं ऑइल आतच राहील. साध्या गाडीत चार-पाच लिटर लागतं, इथे नऊ किंवा त्याहून जास्त. पट्टीवर पातळी बघायची तीही इंजिन गरम आणि चालू असताना, सपाट जागेवर. बंद, थंड इंजिनात पट्टी कमी दाखवते. कामगार प्रामाणिकपणे आणखी ओतेल, आणि जादा ऑइल हवेच्या वाटेने इंजिनात जाऊन धूर निघेल.

इथे कुणी लबाडी केलेली नाही, तरी इंजिनाचा जीव धोक्यात.

मग स्पोर्ट्स कारवाल्यांनी काय केलं? महायुद्धानंतर अमेरिकेत या गाड्या आल्या तेव्हा डीलर मोजकेच, तेही लांब. म्हणून मालक एकत्र आले. 'स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका' तर महायुद्ध संपायच्या आधीच, १९४४ मध्ये निघाला होता, १९५५ मध्ये 'पोर्शे क्लब ऑफ अमेरिका' आला. या क्लबांच्या सहली आणि शर्यतींबद्दल भरपूर लिहिलं जातं. पण त्यांच्या मासिकांतली तांत्रिक पानं माझ्या मते जास्त महत्त्वाची आहेत. कुठला नट, किती ऑइल, कोणता मेकॅनिक बरा, हे ज्ञान तिथे साठलं. एकाच जातीच्या गाड्या करणारी छोटी गॅरेजं त्याच गिऱ्हाइकांवर उभी राहिली. न दिसणारं काम एकट्या मालकाला तपासता येत नाही, पण पन्नास मालकांनी दहा वर्षं एकमेकांना सांगितलं, की बरंच दिसायला लागतं.

हक्क वेगळा, शहाणपण वेगळं

१९७५ मध्ये अमेरिकेत मॅग्नुसन-मॉस कायदा झाला. त्यानुसार आमच्याच डीलरकडे ऑइल बदललं नाही तर वॉरंटी रद्द, अशी अट कंपनीला घालता येत नाही. ती सेवा फुकट दिली किंवा सरकारी आयोगाची खास परवानगी असली तरच अपवाद. मात्र बाहेरच्या कामामुळेच बिघाड झाला, तर त्या बिघाडाचा खर्च कंपनी नाकारू शकते. म्हणून बिलं जपून ठेवणं आलं. आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड सांगितला. सुटे भाग आणि बिघाड शोधायची उपकरणं बाहेरच्या गॅरेजांना मिळू दिली नाहीत, हा मुख्य आक्षेप होता. प्रकरण पुढे अपिलात गेलं.

हे कायदे लबाडीवर आणि मक्तेदारीवरचे उपाय आहेत. अज्ञानावर त्यांचा उपयोग नाही. कुठेही जायचा हक्क तुम्हाला मिळाला, म्हणून कुठेही गेलेलं चालतं असं नाही.

म्हणून 'शोरूम की बाहेरचं गॅरेज' हा वाद मला अपुरा वाटतो. शोरूममध्येही तुमची गाडी वर्षातून एकदाच दिसणारी असू शकते, आणि गल्लीतल्या गॅरेजवाल्याने तीच गाडी शंभर वेळा खोललेली असू शकते. चार गोष्टी विचारा: ही गाडी तुम्ही किती वेळा केली आहे? ऑइल किती लिटर लागेल? पातळी कधी बघायची? बिलावर ऑइलचा ग्रेड आणि फिल्टरचा नंबर लिहून द्याल का? ज्याला विचारताय तो उत्तर देताना चिडला किंवा गडबडला, तर किल्ली खिशातच राहू द्या.