एकटप्पी पॉलिश

एकटप्पी पॉलिश ही मोटारगाडीच्या रंगावरील बारीक ओरखडे, धुरकटपणा व पाण्याचे फिकट डाग एकाच अपघर्षक द्रव्याने आणि यंत्रकामाच्या एकाच टप्प्यात कमी करण्याची पद्धत आहे. व्यवहारात तिला 'वन-स्टेप पॉलिश' म्हणतात. हेच नाव त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या द्रव्यालाही आहे. पारंपरिक पद्धतीत आधी भरड कंपाउंडने रंग घासला जातो व नंतर बारीक पॉलिशने चकाकी आणली जाते. मुंबईतील गॅरेजांमध्ये या दोन्ही कामांना मिळून 'रबिंग-पॉलिशिंग' असे म्हटले जाते.

रंगाची रचना

आधुनिक मोटारीच्या पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर, मूळ रंग आणि सर्वांत वर 'क्लिअर कोट' हा पारदर्शक थर असतो. कारखान्यात दिलेल्या या सर्व थरांची एकत्रित जाडी बहुधा १०० ते १५० मायक्रॉन असते. त्यापैकी क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही पातळ असतो. बहुतेक बारीक ओरखडे याच थरात असतात. सूर्याचे अतिनील किरण शोषणारी द्रव्येही याच थरात मिसळलेली असतात.

पॉलिश केल्याने ओरखडा भरला जात नाही. त्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट घासून सपाट केला जातो, त्यामुळे प्रकाश पुन्हा एकसारखा परावर्तित होतो आणि ओरखडा दिसेनासा होतो. घासलेला थर पुन्हा वाढत नाही. त्यामुळे प्रत्येक पॉलिशमागे गाडीच्या रंगाचे आयुष्य थोडे खर्च होते. एकटप्पी पॉलिशने साधारणपणे एक ते तीन मायक्रॉन थर निघतो, तर भरड कंपाउंड व लोकरी पॅडने याहून अधिक निघतो.

क्लिअर कोटचा प्रसार होण्यापूर्वीच्या गाड्यांवर, उदाहरणार्थ कुर्ल्याच्या कारखान्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीवर, रंगाचा वरचा थर एकच असे. अशा गाडीला पॉलिश करताना कापडावर गाडीचाच रंग उतरतो. तो रंगाचा बिघाड नव्हे.

प्रकार

एकटप्पी पॉलिशमधील अपघर्षक बहुधा अॅल्युमिनियम ऑक्साइडचे सूक्ष्म कण असतात. काही द्रव्यांतील कण घासताना फुटून अधिकाधिक बारीक होत जातात. अशा पॉलिशवर यंत्र पुरेसा वेळ फिरवले नाही, तर पृष्ठभागावर धुरकटपणा राहतो. इतर द्रव्यांतील कणांचा आकार कामभर जवळपास तोच राहतो व त्यांत पॅडची निवड अधिक महत्त्वाची ठरते.

दुसरा भेद संरक्षक घटकांचा आहे. काही पॉलिशमध्ये मेण किंवा सीलंट मिसळलेले असते. जर्मनीतील मेंझेर्ना कंपनीचे 'थ्री इन वन' हे या प्रकारातील आहे. काही पॉलिश केवळ घासण्याचे काम करतात. इटलीतील रुपेस कंपनी 'युनो प्युअर' हे संरक्षक घटक नसलेले आणि 'युनो प्रोटेक्ट' हे संरक्षक घटक असलेले, अशी दोन्ही पॉलिश विकते. पॉलिशनंतर सिरॅमिक कोटिंग करायचे असल्यास पहिला प्रकार गैरसोयीचा ठरतो, कारण पृष्ठभागावर मेण राहिल्यास कोटिंग नीट चिकटत नाही.

निवडीचे निकष

उरलेली जाडी: रंगाची जाडी मोजण्याच्या मापकाने प्रत्येक भागावर नोंद घेतली जाते. एखाद्या भागाची जाडी इतरांपेक्षा बरीच जास्त असल्यास तो पुन्हा रंगवलेला असण्याची शक्यता असते. बरीच कमी असल्यास तेथे पूर्वी रबिंग झालेले असू शकते. साधे मापक प्लास्टिकच्या बंपरवर चालत नाही.

ओरखड्याची खोली: नख अडकेल इतका खोल ओरखडा पॉलिशने सुरक्षितपणे काढता येत नाही.

रंगाचा कठीणपणा: क्लिअर कोटचा कठीणपणा गाडीगणिक बदलतो. मऊ रंगावर भरड द्रव्याने नवा धुरकटपणा येतो, तर कठीण रंगावर सौम्य द्रव्याचा परिणामच दिसत नाही. केवळ गाडीच्या कंपनीवरून याचा अंदाज बांधणे विश्वासार्ह नसते.

गाडीचा रंग: काळ्या व गडद रंगांवर बारीक दोषही उठून दिसतात, म्हणून तेथे अखेरची सफाई चांगली देणारे पॉलिश घेतले जाते. पांढऱ्या व चंदेरी रंगांवर थोडी अधिक घासणी खपून जाते.

अंतिम निर्णय चाचणीवर घेतला जातो. बॉनेटवर सुमारे दोन फूट लांब-रुंद जागा निवडून तेथे आधी सर्वांत सौम्य पॉलिश व मऊ फोम पॅड वापरले जाते. परिणाम अपुरा वाटल्यास प्रथम पॅड बदलून पाहिले जाते आणि त्यानंतरच पॉलिश बदलले जाते. प्रत्येक चाचणीनंतर पातळ केलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा पुसतात. पॉलिशमधील तेल व मेण ओरखड्यात साचून तो तात्पुरता झाकतात. ते पुसल्यावरच खरा परिणाम दिसतो.

एकटप्पी कामासाठी ड्युअल अॅक्शन यंत्र अधिक सुरक्षित मानले जाते. त्याचे पॅड स्वतःभोवती फिरतानाच मध्यापासून ढळलेल्या लहान वर्तुळातही सरकते, त्यामुळे उष्णता एका जागी साचत नाही. रोटरी यंत्र जलद घासते, परंतु अननुभवी हातात ते कडांवरील रंग जाळू शकते व गोलाकार खुणा ठेवते.

मुंबई उपनगरांतील परिस्थिती

सांताक्रूझ, अंधेरी, घाटकोपर यांसारख्या उपनगरांत अनेक मोटारी सोसायटीच्या उघड्या आवारात किंवा रस्त्याच्या कडेला उभ्या असतात. बांधकामांची व रस्त्यांची धूळ त्यांवर रोज बसते. गाडी धुणारा माणूस पहाटे एकाच बादलीतील पाण्याने व एकाच फडक्याने अनेक गाड्या पुसतो. फडक्यातील धुळीचे कण क्लिअर कोटवर जाळीसारखे ओरखडे पाडतात. धूळ बसलेल्या गाडीवर आवरण घातल्यास ते वाऱ्याने हलून असेच ओरखडे पडतात.

महानगरपालिकेचे पाणी तलावांतून येते व ते तुलनेने मृदू असते. कूपनलिकेच्या किंवा टँकरच्या जड पाण्याने गाडी धुऊन ती उन्हात वाळू दिल्यास क्षारांचे पांढरे ठिपके उरतात. सांताक्रूझ वेधशाळेत पावसाळ्याची सरासरी पर्जन्यनोंद दोन हजार मिलिमीटरहून अधिक आहे. त्यामुळे पावसाळ्यापूर्वी संरक्षक थर देणे आणि पावसाळा संपल्यावर, विशेषतः दसऱ्याच्या वाहनपूजेआधी, पॉलिश करून घेणे सोयीचे ठरते.

अशा वापरात दोष पुन्हा उद्भवणे जवळपास अटळ असते. धुण्याची पद्धत न बदलता दरवर्षी भरड रबिंग केल्यास काही वर्षांत क्लिअर कोट धोकादायक इतका पातळ होतो आणि उन्हाने त्याचे पापुद्रे सुटू लागतात. त्यानंतर तो भाग पुन्हा रंगवण्यावाचून पर्याय राहत नाही. रोज वापरातील गाडीसाठी थोडे दोष राहू देणारे एकटप्पी पॉलिश म्हणूनच अनेकदा अधिक योग्य ठरते.

मर्यादा

खोल ओरखडे, पक्ष्यांच्या विष्ठेने क्लिअर कोटमध्ये पडलेले खड्डे आणि सुटलेले पापुद्रे या पद्धतीने दुरुस्त होत नाहीत. पॉलिशपूर्वी गाडी धुऊन, रंगात रुतलेले कण क्ले बारने काढणे आवश्यक असते, अन्यथा ते पॅडखाली येऊन नवे ओरखडे पडतात. तापलेल्या पत्र्यावर पॉलिश लवकर सुकते, म्हणून काम सावलीत व थंड पृष्ठभागावर केले जाते. झाकणाऱ्या घटकांमुळे आलेली चकाकी काही धुण्यांनंतर ओसरते व मूळ ओरखडे पुन्हा दिसू लागतात.

हे सुद्धा पहा

क्लिअर कोट
सिरॅमिक कोटिंग
अपघर्षक
प्रीमियर पद्मिनी