तिकीट किती पडलं?

"ताई, विमानाचं तिकीट किती पडलं?"

मार्च 2017. नेपाळमधला सिंधुपालचोक जिल्हा, डोंगरउतारावरचं एक गाव. मी दगडांचं घमेलं खाली ठेवत होते आणि प्रश्न चक्क मराठीत आला. ज्यांचं घर आम्ही बांधत होतो, त्या काकांनी बारा वर्षं पुण्यात एका सोसायटीच्या गेटवर वॉचमनची नोकरी केली होती.

"येऊन-जाऊन अठरा हजार."

"माणसं किती?"

"बारा."

काकांनी क्षणभर आकाशाकडे बघितलं. भारतीय रुपयाचे नेपाळी 1.60 होतात. बारा वर्षं घरी पैसे पाठवणाऱ्या माणसाला हा हिशेब तोंडपाठ असतो. "तीन लाख पंचेचाळीस हजार," ते म्हणाले आणि पुन्हा दगड निवडायला वळले. आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं.

25 एप्रिल 2015 च्या भूकंपात नेपाळमध्ये जवळपास नऊ हजार माणसं गेली आणि पाचेक लाख घरं जमीनदोस्त झाली. घर पडलेल्या कुटुंबाला सरकार हप्त्या-हप्त्याने 3 लाख नेपाळी रुपये देत होतं. म्हणजे काकांच्या अख्ख्या घरासाठी मिळणाऱ्या मदतीपेक्षा आमची नुसती विमानं महाग पडली होती.

मी नगरची, म्हणजे आताच्या अहिल्यानगरची. तेव्हा चोवीस वर्षांची होते. आमच्या मंडळीच्या तरुण संघाने वर्षभर पैसे जमवले होते. नाताळात केक विकले, रविवारी उपासनेनंतर डबा फिरवला. सगळ्यांना मिळून दहाच दिवसांची रजा, म्हणून विमान. निघताना पाळकसाहेबांनी बजावलं, तिथे कुणाला धर्माबद्दल एक शब्द सांगायचा नाही. नेपाळच्या 2015 च्या राज्यघटनेनुसार कुणाचं धर्मांतर घडवून आणणं गुन्हा आहे. आम्हाला तसं करायचंही नव्हतं. फक्त घर बांधायचं होतं. त्यात चूक काय असणार?

परत आल्यावर काकांचा हिशेब डोक्यातून जाईना. स्वतःच्या खर्चाने परदेशात जायचं, अनोळखी माणसाचं घर बांधायचं आणि परत यायचं, ही कल्पना मुळात आली कुठून? मी वाचायला लागले.

एक धागा सापडला तो फ्रान्समध्ये. पहिल्या महायुद्धात व्हर्दनच्या आसपासची गावंच्या गावं तोफांनी सपाट झाली होती. 1919 साली काही ख्रिस्ती शांततावादी नेदरलँड्समधल्या बिल्थोव्हन इथे जमले. त्यांच्यात पिएर सेरेझोल नावाचा स्विस इंजिनिअर होता. वडील स्वित्झर्लंडचे राष्ट्राध्यक्ष राहिलेले, आणि हा मुलगा लष्करी कर भरायला नकार देऊन तुरुंगात जाऊन आलेला. शांततेवर ठराव पास करण्यापेक्षा हातात फावडं घ्यावं, असं त्याचं मत होतं. 1920 च्या हिवाळ्यात तो मोजकी माणसं घेऊन व्हर्दनजवळच्या एन या उद्ध्वस्त गावात पोचला. त्यात जर्मन तरुणही होते. ज्या देशाच्या सैन्याने गाव पाडलं, त्याच देशाची मुलं आता तिथे मलबा उपसत होती, तोफगोळ्यांचे खड्डे बुजवत होती, लाकडी घरं उभी करत होती.

गोष्ट इथे संपली असती तर शाळेच्या पुस्तकात शोभली असती. पण काही महिन्यांतच विरोध सुरू झाला. जर्मन नकोत, असं अधिकाऱ्यांनी कळवलं. आणि नको का म्हणू नये? ज्यांची मुलं त्याच मातीत पुरली होती, त्यांनी जर्मन हातांनी बांधलेल्या घरात आनंदाने झोपावं, ही अपेक्षा कुणी कुणाकडून ठेवायची? जर्मनांना एकटं परत पाठवायला सेरेझोलचा गट तयार नव्हता. 1921 च्या वसंतात सगळेच निघून गेले.

हे वाचताना मी थबकले. परदेशात जाऊन घरं बांधणाऱ्या स्वयंसेवकांच्या अगदी सुरुवातीच्या तुकड्यांपैकी एक, आणि तिला 'तुम्ही जा' असं सांगण्यात आलं! सेरेझोलने काम थांबवलं नाही. त्यातून 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' ही संघटना उभी राहिली. आणि 15 जानेवारी 1934 ला बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला, तेव्हा तो तिकडे आला. राजेंद्र प्रसाद मदतकार्याचे प्रमुख होते. भूकंपाने जमिनीची पातळीच बदलली होती, त्यामुळे पुराचा धोका वाढला होता. पूर येणाऱ्या गावांना उंच जागी नव्याने वसवायचं काम सेरेझोल आणि त्याच्या मोजक्या सोबत्यांनी हाती घेतलं. पन्नाशी ओलांडलेला हा युरोपियन पुढची तीनेक वर्षं पुन्हा पुन्हा बिहारमध्ये येऊन राबला. तिथे वसलेल्या एका गावाचं नाव ठेवलं गेलं शांतिपूर. दहा दिवसांची रजा काढून ते काम झालं नसतं.

दुसरा धागा अमेरिकेतला. तो शेवटी आपल्या मावळात येऊन पोचतो.

1942 साली जॉर्जिया राज्यात अमेरिकस गावाजवळ क्लेरन्स जॉर्डन आणि त्याच्या साथीदारांनी 'कोइनोनिया' नावाची शेती सुरू केली. जॉर्डन बाप्टिस्ट होता, नव्या कराराच्या ग्रीक भाषेचा पंडित होता. या शेतावर काळे आणि गोरे एकत्र राबायचे, एकाच टेबलावर जेवायचे. त्या काळच्या जॉर्जियात हे सहन होणारं नव्हतं. गोळीबार झाला, बॉम्ब पडले, गावातल्या दुकानदारांनी माल द्यायचं बंद केलं. या लोकांनी टपालाने पेकन नावाचा सुकामेवा विकून तग धरला.

1965 साली तिथे मिलार्ड फुलर आला. तिशीच्या आत लक्षाधीश झालेला वकील. पैसा आला आणि संसार मोडायला आला. शेवटी त्याने आणि बायको लिंडाने ठरवून संपत्ती वाटून टाकली होती. पुढे जॉर्डन आणि फुलरने मिळून एक योजना आखली. आसपासच्या झोपड्यांत राहणाऱ्या गरीब, मुख्यतः काळ्या कुटुंबांना घर फुकट द्यायचं नाही. नफा न घेता, बिनव्याजी कर्जावर द्यायचं. हप्त्यांतून येणारा पैसा पुढच्या घरासाठी वापरायचा. पहिलं घर पूर्ण व्हायच्या आतच, ऑक्टोबर 1969 मध्ये, जॉर्डन वारला.

फुकट का नाही? मला आधी हे कंजूषपणाचं वाटलं. मग लक्षात आलं, हप्ता भरणारा माणूस भांडू शकतो. 'छत गळतंय' म्हणून दार ठोठावू शकतो. दान घेणाऱ्याला ती सोय नसते.

1973 मध्ये फुलर कुटुंब चर्चच्या वतीने झाईरला, म्हणजे आजच्या काँगोला गेलं. काँगो नदीकाठच्या म्बांडाका शहरात, बेल्जियन राजवटीत गोऱ्यांची वस्ती आणि आफ्रिकन वस्ती यांच्यामध्ये एक मोकळा पट्टा राखून ठेवलेला होता. दोघांनी एकमेकांपासून लांब राहावं म्हणून सोडलेली जागा. त्याच पट्ट्यात घरं बांधायला सुरुवात झाली. 1976 साली परतल्यावर फुलर पती-पत्नींनी 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी' स्थापन केली. अमेरिकसजवळच्याच प्लेन्स गावचे जिमी कार्टर राष्ट्राध्यक्षपदावरून उतरल्यावर हातोडा घेऊन या कामात उतरले आणि 1984 पासून जगभरातून स्वयंसेवकांची रीघ लागली.

2006 च्या दिवाळीनंतर कार्टर लोणावळ्याजवळ मळवलीला आले होते. तिथल्या पाटण गावात आठवडाभरात शंभर घरं उभी करायची होती. मी तेव्हा तेरा वर्षांची. पेपरातला फोटो आठवतो, पण कार्टरांमुळे नाही. शूटिंगसाठी पुण्यात आलेला ब्रॅड पिट एक दिवस तिथे काम करून गेला होता, म्हणून! ज्यांची ती घरं होती, त्यांच्यापैकी एकाचंही नाव मला कधी आठवलं नाही.

आता काकांच्या हिशेबाकडे येते. तो करणारे ते पहिले नव्हते. 1998 मध्ये मिच चक्रीवादळाने होंडुरास उद्ध्वस्त केलं. अमेरिकेतल्या चर्चचे गट तिथे आठवड्या-दोन आठवड्यांसाठी घरं बांधायला गेले. होंडुरासमध्येच राहणारे कर्ट व्हर बीक हे ख्रिस्ती अभ्यासक. त्यांनी या घरांचा अभ्यास केला. घराची किंमत साधारण 2,000 डॉलर. गटाचा येण्या-जाण्यासकट खर्च सुमारे 30,000 डॉलर. परदेशी गटाने बांधलेलं घर आणि स्थानिक संस्थेने बांधलेलं घर, यांत राहणाऱ्या कुटुंबांच्या आयुष्यात त्यांना काही फरक आढळला नाही. 'या प्रवासाने आम्ही बदललो' असं स्वयंसेवक सांगत होते, पण त्यांच्या पुढच्या देणग्यांत तो बदल फारसा दिसत नव्हता. त्याच्या कितीतरी आधी, 1968 साली, इव्हान इलिच या धर्मगुरूने मेक्सिकोत सेवेसाठी निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांना तोंडावर सांगितलं होतं: बघायला या, शिकायला या, मदत करायला मात्र येऊ नका.

इलिच मला पूर्ण पटत नाही. काकांच्या गावात खरोखरच हात कमी होते. तरणी माणसं कतारला, मलेशियाला, नाहीतर आपल्याकडे गेटवर. गवंडी दुसऱ्या जिल्ह्यातून आला होता आणि त्याच्या हाताखाली कुणी नव्हतं. आम्ही वाहिलेले दगड भिंतीत बसले, हेही खरं.

पण एक गोष्ट आम्ही विचारलीच नव्हती. भूकंपात पडलेलं काकांचं घर दुमजली होतं. वरचा माळा मक्यासाठी. आमच्या पैशांत मंजूर नकाशातलं छोटं, एकमजली घर बसत होतं. भिंती छातीपर्यंत आल्यावर काकूंनी नेपाळीत काहीतरी विचारलं. काकांनी मराठी केलं, "ती म्हणते, मका कुठे ठेवायचा?" आमच्या बारा जणांपैकी कुणाकडेच उत्तर नव्हतं.

माझी आजी मिशनच्या शाळेत शिकली. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम 1831 पासूनचं. त्या शाळांमुळेच आमच्या घरातल्या बायका चार पिढ्या शिकल्या, हे ऋण मी विसरत नाही. पण आजी एक गोष्ट हसत सांगायची. नाताळला अमेरिकेहून कपड्यांची पार्सलं यायची. एकदा तिच्या वाट्याला जाड लोकरीचा, घोट्यापर्यंतचा कोट आला. नगरच्या उन्हात! तिने 'थँक यू' म्हटलं आणि कोट उसवून गोधडीत घातला. नेपाळहून परतल्यावर मी तिला मक्याचं सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "म्हणजे या वेळी कोट आपण नेला."

2018 मध्ये दुसऱ्या प्रवासाची बैठक झाली, तेव्हा मी हिशेब कागदावर मांडला. या वेळी पैसे पाठवू, गेलंच तर दोघं-तिघं जाऊ आणि नकाशा ठरायच्या आधी जाऊ. खूप वाद झाला. एक मैत्रीण रडली. तिच्या आयुष्यातले ते सगळ्यात अर्थपूर्ण दहा दिवस होते आणि मी त्यांची किंमत काढत होते. तिचं खोटं नव्हतं. शेवटी अर्धे पैसे पाठवायचं ठरलं, आणि उरलेल्या अर्ध्यांत पाच जण गेले. त्यात मी नव्हते. मैत्रीण माझ्याशी अजून मोजकंच बोलते.

2019 च्या पावसाळ्यात काका पुन्हा पुण्यात नोकरीला आले. घराला जोडून त्यांनी मक्यासाठी पत्र्याची खोली काढली होती, तिचं कर्ज फेडायचं होतं. मी भेटायला गेले. गेटवर त्यांनी मला ओळखलं, हसले, खुर्ची पुढे केली. आणि आधी रजिस्टर समोर सरकवलं.

"नियम आहे, ताई."

नाव. कुठून आलात. कोणाकडे. काम काय. पहिले तीन रकाने मी पटापट भरले. चौथ्यापाशी पेन थांबलं. काकांनी घाई केली नाही.