घोड्यांची तारवे आणि ठाण्याची खाडी

इराणच्या आखातातून पश्चिम किनाऱ्यावर येणारे घोडे उघड्या तारवात, मालावर अंथरलेल्या कातड्यांवर उभे राहून समुद्र ओलांडत. तेराव्या शतकाच्या अखेरीस प्रवासी मार्को पोलोने आखातातल्या होर्मुझ बंदराच्या तारवांचे वर्णन असेच केले आहे. एक डोलकाठी, एक शीड, एक सुकाणू. डेक मात्र नाही. फळ्यांना लोखंडी खिळे नसत. लाकडी खुंट्या मारून त्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या असत आणि डांबराऐवजी त्यांना माशाचे तेल चोपडलेले असे. माल भरून झाला की त्यावर कातडी पसरत आणि त्या कातड्यांवर हिंदुस्थानात विकायचे घोडे चढवत.

ठाण्याच्या इतिहासात किल्ल्यांबद्दल भरपूर लिहिले गेले आहे, तारवांच्या या कातड्याच्या जमिनीबद्दल फारच थोडे. वास्तविक सारा व्यापार तिच्यावरच उभा होता. शिवलेल्या तारवात पाणी झिरपतेच, ते सतत उपसावे लागते. तळाशी हे पाणी, त्यावर माल आणि सर्वांत वर जनावर. अशा रचनेत जाड कातड्यामुळे घोड्याचे मूत आणि लाटांचे शिंतोडे मालात उतरत नसत, शिवाय खुरांखाली माल थेट घासलाही जात नसे. डेक नसल्याने जनावरांच्या अंगाची ऊब आणि लिदीची वाफ कोंडून न राहता वाऱ्यावर निघून जाई. अरबी समुद्रात ऊब टिकवण्याची गरज नव्हती, ती बाहेर जाऊ देण्याची होती.

हा प्रवास किती दिवसांचा होता, हे ओडोरिक या इटालियन धर्मोपदेशकाने लिहून ठेवले आहे. 1321च्या सुमारास तो होर्मुझहून अशाच शिवलेल्या तारवाने निघाला आणि 28 दिवसांनी ठाण्याला उतरला. तारवात कुठेही लोखंड दिसले नाही, असे तो आवर्जून सांगतो. घोड्यांनाही एवढेच दिवस लागले असतील, तर चार आठवडे हलत्या जमिनीवर पाय रोवून उभे राहणे त्यांच्या वाट्याला येई.

एवढा खटाटोप होई, कारण दख्खनच्या राजांना घोडदळ हवे होते आणि इथल्या हवेत घोड्यांची चांगली पैदास होत नसे. ठाण्याच्या राजाने समुद्रावरच्या चाच्यांशी करार केला होता, असेही मार्को पोलो सांगतो: लुटीतला बाकीचा माल चाच्यांचा, घोडे तेवढे राजाचे. सोन्याचांदीची लूट सोडून घोडे मागणाऱ्या राजाची निकड यातून दिसते.

समुद्रातून येणारे तारू वसईच्या मुखाने उल्हास नदीच्या खाडीत शिरते, घोडबंदरवरून ठाण्याला येते आणि भरतीबरोबर पुढे कल्याणला जाऊ शकते. घोडबंदर हे नावही घोड्यांच्या व्यापारामुळेच पडले, असे मानले जाते. माजिवड्याहून निघणारा आजचा घोडबंदर रोड याच खाडीच्या बाजूने, डोंगर आणि पाणी यांच्या मधल्या पट्ट्यातून जातो. 1534 मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि खाडीचे तोंड त्यांच्या ताब्यात आले. घोडबंदरचा किल्ला त्यांचाच. 1737 मध्ये तो मराठ्यांनी घेतला आणि पुढे तो इंग्रजांकडे गेला.

खाडीच्या वरच्या टोकाला मात्र वेगळी जहाजे आकार घेत होती. 1657 मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यावर शिवाजी महाराजांनी तिथे आरमाराची बांधणी सुरू केली. जवळच्या जंगलांत साग होता आणि कामाला रुय लैताँव व्हियेगस हा पोर्तुगीज कारागीर मिळाला. ही जहाजे लढाईसाठी होती, त्यामुळे तोफेचा धक्का सोसेल अशी भक्कम बांधणी लागत असे. आरमार तयार होऊन समुद्रात जायचे तर वसईवरूनच जाणार, हे पोर्तुगीजांच्या लक्षात आले. त्यांनी व्हियेगसला आणि त्याच्या माणसांना फितवले आणि ते काम टाकून निघून गेले. बांधणी तरीही थांबली नाही.

एकोणिसाव्या शतकात घोडे मुंबई बंदरात उतरू लागले. अरबी घोड्यांच्या जोडीला ऑस्ट्रेलियातले वेलर घोडे मोठ्या जहाजांतून येत. 1853 मध्ये बोरीबंदर ते ठाणे आणि पुढच्याच वर्षी कल्याणपर्यंत आगगाडी धावली. त्यानंतर घोडबंदरच्या खाडीत राहिली ती मिठाची, रेतीची आणि मासळीची गलबते.