दुरुस्ती की नवीन? ओव्हनच्या निमित्ताने १९६७ सालाची गोष्ट

आजचा भाग ओव्हनवर आहे, पण केकची रेसिपी मिळणार नाही, आधीच सांगतो. आज बोलायचंय ते बिघडलेल्या ओव्हनबद्दल. तो दुरुस्त करून घ्यायचा की सरळ नवीन आणायचा? आपल्याला वाटतं की हा प्रश्न माणसाला कायमच पडत आला असेल. खरं तर स्वयंपाकघरात तो शिरला अगदी अलीकडे, आणि कसा शिरला त्याची गोष्ट मजेशीर आहे.

(ज्यांनी भाग ऐकलाय त्यांच्यासाठी: बोलताना राहून गेलेले दोन-तीन मुद्दे इथे लिहिताना घातले आहेत.)

सुरुवात तारेपासून करू. विजेवर काहीही तापवायचं म्हणजे तारेतून वीज सोडायची आणि तार लाल होऊ द्यायची. पण साधी लोखंडी तार हवेत लाल झाली की गंजते, ठिसूळ होते आणि तुटते. अमेरिकेत अल्बर्ट मार्श नावाच्या माणसाने निकेल आणि क्रोमियमचा मिश्रधातू करून पाहिला. १९०६ साली त्याला पेटंट मिळालं. या नायक्रोम तारेवर तापल्यावर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर बसतो आणि तोच आतल्या धातूला वाचवतो. आज आपल्या ओटीजीत वर-खाली ज्या कांड्या लाल होतात, त्यांच्या पोटात याच जातीची तार असते. आणि ती कांडी दोन स्क्रू काढून बदलता येते, हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

दुसरा टप्पा १९२३ सालचा, इंग्लंडमधला. तोवर ओव्हन किती तापलाय हे हाताने बघायचं, किंवा आत कागद टाकायचा आणि तो किती वेळात तपकिरी होतो यावरून ओळखायचं. प्रत्येक बाईला आपला ओव्हन पाठ असायचा. १९२३ मध्ये गॅसच्या ओव्हनला ‘रेग्युलो’ नावाचा थर्मोस्टॅट बसला आणि पाककृतीत आकडा छापता येऊ लागला. सोय झालीच, पण बिघडू शकेल असा आणखी एक भागही वाढला.

तिसरा टप्पा युद्धातला. १९४० मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात रँडल आणि बूट या दोघांनी रडारसाठी मॅग्नेट्रॉनची नवी रचना केली. पुढे अमेरिकेतल्या रेथिऑन कंपनीत पर्सी स्पेन्सरच्या लक्षात आलं की याच लहरींवर अन्न शिजतं. खिशातलं चॉकलेट वितळल्याचा किस्सा तुम्ही ऐकला असेलच. त्याने पेटंटचा अर्ज केला १९४५ साली. १९४७ मध्ये बाजारात आलेली पहिली ‘रडाररेंज’ जवळपास सहा फूट उंच होती, वजन सुमारे ३४० किलो आणि किंमत ५,००० डॉलरच्या आसपास. असलं धूड हॉटेलात नाहीतर जहाजावरच बसणार. ते बिघडलं तर ‘टाकून देऊ, नवीन आणू’ असं कोण म्हणेल? तंत्रज्ञ बोलवायचा, दुसरा पर्यायच नव्हता.

आता येऊ १९६७ वर. त्या एका वर्षात तीन गोष्टी झाल्या, ज्यांचा एकमेकींशी थेट संबंध नाही, पण शेजारी ठेवल्या की चित्र दिसतं.

पहिली: आयोवा राज्यातल्या अमाना कंपनीने ओट्यावर मावेल असा मायक्रोवेव्ह काढला. किंमत ४९५ डॉलर. वीस वर्षांत किंमत दहाव्या हिश्शावर आली.

दुसरी: त्याच आयोवातल्या मेटॅग कंपनीने एक जाहिरात सुरू केली. त्यात दुरुस्तीवाला टेबलाशी एकटा बसलाय, कंटाळलाय, कुणी बोलवतच नाही. का? तर म्हणे आमची मशीनं बिघडतच नाहीत. ती जाहिरात इतकी चालली की तो एकटा मेकॅनिक अमेरिकेत दशकानुदशकं ओळखीचा चेहरा होऊन बसला.

तिसरी: विल्यम बॉमोल या अर्थशास्त्रज्ञाचा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्याचं म्हणणं सोप्या भाषेत असं: कारखान्यात यंत्रं सुधारतात, तेवढ्याच माणसांत जास्त माल निघतो. पण चार वादकांना एखादी रचना वाजवायला शंभर वर्षांपूर्वी जेवढा वेळ लागायचा तेवढाच आजही लागतो. पगार मात्र सगळीकडे वाढतात, कारण वादकाला कमी दिलं तर तो कारखान्यात जाईल. म्हणून ज्या कामात माणसाचा वेळ वाचवता येत नाही, ते काम तुलनेने महागच होत जातं.

दुरुस्ती नेमकी तशीच असते. एक माणूस, एक घर, एक पाना. कारखान्यात हजारो ओव्हन एका साच्यातून निघतात, पण तुमचा ओव्हन उघडून बघायला तेव्हाही एक तास लागायचा आणि आताही लागतो. वस्तू स्वस्त होत गेली आणि तो तास महाग. या दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे ‘दुरुस्त करू की नवीन घेऊ?’ हा प्रश्न जन्माला येतो. जाहिरातीतला मेकॅनिक रिकामा बसायचा तो मशीन चांगली म्हणून. पुढे खरे मेकॅनिक रिकामे बसले, त्यात या हिशोबाचा वाटा मोठा होता.

आता आपल्याकडे वळू. आपल्या आज्या वस्तू टाकत नव्हत्या, आपणच उधळे झालो, असं आपण नेहमी बोलतो. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. पितळेच्या पातेल्याची कल्हई उडाली की आंबट पदार्थ कळकायचे, म्हणून कल्हईवाला गल्लीच्या तोंडाशी भाता लावून बसायचा. प्रायमस स्टोला पिन मारायची, वॉशर सुकला की बदलायचा, निपल आणि बर्नर सुटे मिळायचे. तो स्टो मूळचा १८९२ चा, स्वीडनमधला, पण त्याची रचनाच अशी की झिजणारे भाग वेगळे आणि टाकी वेगळी. आणि मुख्य म्हणजे आपल्याकडे धातू महाग होता, माणसाचा तास स्वस्त. आजीची काटकसर खरी होतीच, पण त्या हिशोबात कल्हईवाल्याची तुटपुंजी मजुरीही बसलेली होती. ही बाजू आपण आठवणी काढताना विसरतो.

आणि अगदीच निकामी झालेलं भांडं मोडीत घालून नवीन घेणं, किंवा बोहारणीला जुनी कपडे देऊन स्टीलचा डबा घेणं, हेही आपल्याकडे होतंच. आजची एक्सचेंज ऑफर ही त्याचीच नात म्हणायची.

मग आज काय करायचं? एक उदाहरण देतो. माझी मावशी चिंचवडला घरून नानकटाई आणि केकच्या ऑर्डरी घेते. दिवाळीच्या तोंडावर तिच्या ओटीजीची खालची कांडी गेली. मावसभावाचं मत, ‘आई, बारा वर्षं झाली, आता नवीन घे, मी ऑर्डर करतो.’ मावशीने विचारलं, ‘अरे, भट्टी ठीक आहे, दार घट्ट बसतंय, एक कांडी गेली म्हणून सगळं टाकू?’ तिचं पुढचं म्हणणं मला जास्त महत्त्वाचं वाटलं. डावीकडचा मागचा कोपरा जास्त तापतो, म्हणून ट्रे कधी फिरवायचा हे तिला पाठ आहे. नवीन ओव्हन आला असता तर ऐन गर्दीत ते सगळं पुन्हा शिकावं लागलं असतं. रेग्युलोच्या आधीच्या बायकांकडे जे ज्ञान होतं ना, तेच हे. दुकानातल्या किमतीच्या पट्टीवर ते कुठेच दिसत नाही. तिने कांडी बदलून घेतली. ऑर्डरी वेळेत गेल्या.

आम्ही सॉफ्टवेअरवाले जुना कोड बघितला की ‘सगळं नव्याने लिहू’ म्हणतो, तेव्हा हाच कोपरा विसरतो. पण ते असो.

मायक्रोवेव्हचा हिशोब वेगळा आहे. दिवा लागतो, प्लेट फिरते, पण अन्न गारच राहतं, अशी तक्रार असेल तर बिघाड बहुतेक वेळा दाराच्या स्विचमध्ये किंवा उच्च दाबाच्या भागात असतो. तिथला कपॅसिटर प्लग काढल्यावरही भरलेला राहू शकतो आणि तो दाब २,००० व्होल्टच्या घरातला असतो. तेव्हा यूट्यूब बघून मायक्रोवेव्ह उघडू नका, जीव जाऊ शकतो. जाणकाराकडूनच तपासून घ्या. फ्यूज, स्विच, आतला जळलेला अभ्रकाचा पत्रा एवढंच असेल तर दुरुस्ती परवडते. दार वाकलंय किंवा आतली पेटी गंजून भोक पडलंय, तर तो वापरायचा नाही, निरोप द्यायचा. मॅग्नेट्रॉन किंवा कंट्रोल बोर्ड गेला असेल तर आधी भागाची किंमत विचारा, मग ठरवा.

शेवटचा मुद्दा, भाग मिळण्याचा. फ्रान्सने २०२१ पासून काही वस्तूंवर ‘ही दुरुस्त करणं किती सोपं’ याचे गुण छापायला लावले. आपल्या केंद्र सरकारनेही २४ डिसेंबर २०२२ ला ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. पण यामागचं तत्त्व आपण दुकानातही वापरू शकतो. नवीन ओव्हन घेताना वॉरंटीबरोबर एवढं विचारा: याची कांडी, थर्मोस्टॅट, दाराचा स्विच सुटा मिळतो का, आणि कुठे? दुकानदार गडबडला तर समजा, पाच वर्षांनी तुमच्यापुढे एकच पर्याय असेल. आणि जुना देऊन टाकायचाच असेल तर भंगारात न टाकता ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या.

तुमच्या घरात सगळ्यात जास्त वेळा दुरुस्त झालेली वस्तू कोणती, ते नक्की कळवा. पुढच्या भागात मिक्सरबद्दल बोलू, कारण त्याच्या दुरुस्तीवाल्यांची अख्खी वेगळी दुनिया आहे. तोपर्यंत नमस्कार.