चान्या

उन्हात वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या. हिंगोलीसह मराठवाड्यातील दलित स्वयंपाकातला हा जुना टिकाऊ पदार्थ. मोठ्या जनावराचे (गाय, बैल, म्हैस) मांस लांब चिरून दोरीवर कडक वाळवतात. गोव्याच्या चोरिसात (डुकराच्या मांसाच्या सॉसेजमध्ये) मीठ, मिरची, लसूण, व्हिनेगर असते आणि आतड्यात भरलेले मांस मुरते. चान्यांत असे मुरवणे नाही. पाणी उडाल्यामुळेच त्या टिकतात. मसाल्याची चैन परवडत तरी कुणाला होती?

ताज्या चरबीरहित मांसात 100 ग्रॅममागे सुमारे 20 ग्रॅम प्रथिने असतात. वाळल्यावर हे प्रमाण दुपटीहून अधिक होते. लोह, जस्त आणि ब12 जीवनसत्त्व भरपूर. पावसाळ्यात, हाताला काम नसताना, हा साठा उपयोगी पडे. चान्या निखाऱ्यावर भाजून नुसत्या खातात किंवा शिजवून कालवण करतात. सोबत ज्वारीची भाकरी.

1927 च्या महाड परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृत जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले; चान्या अशा मांसाच्याही होत, म्हणून त्यानंतर हा पदार्थ अनेक घरांतून गेला. लेखक शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’मध्ये या खाद्यपरंपरेची नोंद केली, सवर्ण पाकपुस्तकांनी ती टाळलीच होती. 2015 मध्ये लागू झालेल्या कायदादुरुस्तीने महाराष्ट्रात गायींपाठोपाठ बैल व वळूंची कत्तलही बंद झाली; म्हशीला ही बंदी लागू नाही.